त्रैक्य नाकारा, पण वाचून

'ख्रिश्चनांचे तीन देव' म्हणून आमचे काही वक्ते टाळ्या मिळवतात. मराठी ख्रिस्ती शब्द 'त्रैक्य' आहे, त्यातले ऐक्य त्यांना दिसतच नाही. तीन देव मानणे तर चर्चनेच पाखंड ठरवले. तौहीद मानणाऱ्याने त्रैक्य जरूर नाकारावे, पण वाचून. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि १८८५ च्या पत्रांतून याच सिद्धांतावर सिस्टर जेराल्डिनशी रोखठोक वाद घातला. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवूनच घातला, हे विशेष! शिवथरच्या घळीत रचला असे मानतात त्या दासबोधातही श्रोता शंका विचारतो, वक्ता उत्तर देतो. आमच्या व्यासपीठापुढे बसलेल्याने मात्र फक्त टाळ्या वाजवायच्या.