गोव्याचा जनमत कौल व मतदारांची समज

निवडणुकीचा निकाल लागला कीं कोणत्या गांवानें कोणास मतें दिलीं ह्याची चर्चा चावडीपासून शाळेच्या आवारापर्यंत सुरू होते, आणि लागलीच त्या मतांवर जातीचा वा धर्माचा छाप मारला जातो. खेडवळ मतदारास काय कळतें, असेंहि वर म्हटलें जातें. हीं दोन्ही मतें आम्हांस मान्य नाहींत, व त्यासाठीं गोव्याच्या जनमत कौलाचें उदाहरण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

गोव्यानें महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावें, हा प्रश्न संसदेनें खास कायदा करून तेथील जनतेवरच सोपविला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर ह्यांच्या मंत्रिमंडळानें आधींच राजीनामा दिला होता. १६ जानेवारी १९६७ रोजीं मतदान झालें. विलीनीकरणाचें चिन्ह फूल, तर केंद्रशासित राहण्याचें दोन पानें. ३,८८,४३२ मतदारांपैकीं ३,१७,६३३ जणांनीं मत दिलें. फुलास १,३८,१७० व दोन पानांस १,७२,१९१ मतें मिळालीं. बाद मतें अवघीं ७,२७२, म्हणजे शेंकडा अडीचहूनहि कमी! ज्यांतील पुष्कळांस अक्षरओळख नव्हती, अशा समाजाची ही गोष्ट आहे.

आतां स्थानिक कौल पाहूं. साष्टी तालुका दोन पानांच्या बाजूस एकवटला. पेडणें, डिचोली, सत्तरी हीं फुलाकडे झुकलीं. साष्टींत ख्रिस्ती वस्ती दाट, व ह्या तिहींत हिंदूंची. एवढ्यावरून एका धर्मानें दुसऱ्यास हरविलें, असा निष्कर्ष अनेकांनीं काढला. आम्ही स्वतः ख्रिस्ती असल्यामुळें ह्या बाबतींत पक्षपाती समजले जाऊं. म्हणून आंकड्यांसच बोलूं द्यावें हें बरें. गोव्यांतील ख्रिस्ती लोकसंख्या त्या काळीं शेंकडा ४० हूनहि कमी होती, आणि ग्राह्य मतांपैकीं शेंकडा ५५ हून अधिक मतें दोन पानांस पडलीं. प्रत्येक ख्रिस्ती मतदारानें दोन पानांवरच शिक्का मारला असें धरलें, तरी हा हिशेब जुळत नाहीं. हजारों हिंदूंचीं मतें त्यांत होतीं हें उघड आहे. मडगांवाहून निघणारें ‘राष्ट्रमत’ हें दैनिक विलीनीकरणाविरुद्ध झगडलें, तें मराठींतून! उलट, फुलास मत देणाऱ्या कुळांस व बहुजनांस केवळ भाषेचा ओढा नव्हता. जमीनदारांच्या वर्चस्वांतून सुटण्याची आशाहि त्यांस त्या फुलांत दिसत होती. महाराष्ट्रांतील दारूबंदीची भीतिहि प्रचारांत बोलली गेली. पोटाचा प्रश्न मतपेटीजवळ येतोच, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

मतदारांच्या समजेचा खरा पुरावा मात्र पुढेंच आहे. दोन महिन्यांनीं, मार्च १९६७ मध्यें, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची मुख्य मागणी जनतेनें नुकतीच फेटाळली होती, त्याच पक्षास तिनें ३० पैकीं १६ जागा देऊन पुन्हां सत्तेवर बसविलें. राज्य कोणीं चालवावें हा एक प्रश्न व प्रदेश कोठें असावा हा दुसरा. हा भेद पुष्कळशा पदवीधरांस करतां येत नाहीं, तो ह्या मतदारांनीं केला.

उणीव होती ती प्रश्नाच्या मांडणींत. पोटापाण्यासाठीं मुंबईंत राहिलेल्या गोंयकारांनीं मताचा हक्क मागितला, तो त्यांस मिळाला नाहीं. आणि स्वतंत्र घटक राज्याचा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर छापलाच नव्हता. तें राज्य गोव्यास ३० मे १९८७ रोजीं, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळानें मिळालें.