गाणे आपोआप पोचत नाही

इंडी पॉप म्हणजे चित्रपटासाठी न बनलेले, रेकॉर्ड कंपनीच्या पैशावर उभे न राहिलेले, बहुधा एकादोघांनी घरच्या खोलीत लॅपटॉप, साउंड कार्ड आणि एका माइकवर तयार केलेले गाणे. असे गाणे आज कराडला किंवा विट्याला रात्रीत पुरे होते आणि वितरक कंपनीला ठरलेले पैसे भरले की काही दिवसांत स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक अशा सगळीकडे चढते. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो पुढच्या टप्प्याचा. चढलेले गाणे ऐकणाऱ्यापर्यंत जाते कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडे कॉलेजच्या व्यासपीठांपासून रविवारच्या पुरवण्यांपर्यंत मोठ्या आत्मविश्वासाने दिले जाते. गाणी शोधण्याचे दिवस संपले, असे हे उत्तर सांगते. कोणाला काय आवडते याचा हिशेब आता यंत्र ठेवते. गाणे चांगले असेल तर ते आपोआप वर येते. आले नाही, तर ते चांगले नव्हते. सातारा-सांगलीच्या पोरांना मुंबईचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. मित्राने मित्राला गाणे सुचवणे ही कॅसेटच्या जमान्यातली भाबडी सवय आहे. पुरावा म्हणून २०२४ ची ‘गुलाबी साडी’ पुढे केली जाते. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड देशभर ऐकला गेला, मग आणखी काय हवे?

मुंबईच्या उंबऱ्याचे म्हणणे खरे आहे, पण उंबरा मोडला गेला नाही, हलवला गेला. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेल्याशिवाय त्याचे मानधन मोजलेच जात नाही. माण-खटावात नऊशे वेळा ऐकलेले गाणे हिशेबाच्या दृष्टीने न ऐकलेलेच.

‘गुलाबी साडी’ पसरली ती हजारो लोकांनी त्या गाण्यावर नाचून, रील करून, एकमेकांना पाठवून. ज्या सवयीला भाबडी म्हटले, तिच्याच जोरावर मिळालेले यश यंत्राच्या खात्यावर जमा करणे हा चलाख हिशेब झाला. लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो छापून लॉटरीला रोजगार योजना म्हणण्याचीच ही रीत.

मुख्य मुद्दा ‘आपोआप’ या कल्पनेचा आहे, आणि तिथे थोडे थांबायला हवे. शिफारस करणाऱ्या यंत्राची मूळ रीत साधी असते. विट्याच्या एका श्रोत्याने दहा गाणी ऐकली, फलटणच्या दुसऱ्याने त्यातली आठ ऐकली, तर दोघांची आवड जुळते असे धरून उरलेली दोन फलटणला सुचवायची. लाखो श्रोत्यांवर ही रीत उत्तम चालते, पण ती चालते कोणी तरी आधी ऐकलेल्या गाण्यांसाठी. काल रात्री चढलेले गाणे कोणाच्याच यादीत नसते. ते ज्यांनी ऐकले अशी माणसेच नाहीत, त्यामुळे त्यांच्यासारखी दुसरी माणसे शोधण्याचा प्रश्नच येत नाही. या अडचणीला संगणकशास्त्रात ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात आणि शिफारसयंत्रांवरच्या पाठ्यपुस्तकांत तिला स्वतंत्र जागा असते. यंत्र बनवणाऱ्यांना ती ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फक्त यंत्राची आरती करणाऱ्यांना.

यावर उतारा म्हणून यंत्र गाण्याचा आवाजच तपासते. लय किती, स्वर कोणते, वाद्ये कोणती, गाणारा गातो की बोलतो, याची मापे घेऊन ते त्या मापांच्या इतर गाण्यांशेजारी नवे गाणे ठेवते. याचा उपयोग होत नाही असे नाही. पण आटपाडीच्या एखाद्या पोराने गिटारवर, संथ लयीत, माणदेशी बोलीत चारा छावणीवर गाणे केले, तर या मापांना गिटार कळते, संथपणा कळतो. छावणी कळत नाही. दुष्काळावरचे गाणे ‘शांत झोपेसाठी’ असल्या यादीत जाऊन पडायची सोय मात्र होते.

शोधायला बसणाऱ्याचे हालही कमी नाहीत. मराठी गाण्याचे नाव बहुतेक वेळा रोमन लिपीत चढवलेले असते, आणि ‘आभाळ’ रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिता येते. साताऱ्याच्या टपरीवर एकदा कानावर पडलेले गाणे त्या चारही तऱ्हांनी शोधून न सापडल्यावर श्रोता निमूटपणे यंत्र देईल ते ऐकू लागतो. मग त्याचीच नोंद ‘श्रोत्याची आवड’ म्हणून होते.

‘चांगले ते वर येते’ या श्रद्धेची तर प्रयोगाने परीक्षा झालेली आहे. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी फारशा कोणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी वेबसाइटवर ठेवली आणि १४,००० हून अधिक माणसांना ऐकायला बोलावले. काहींना गाण्यांची नावे तेवढी दिसत. बाकीच्यांची विभागणी आठ स्वतंत्र गटांत केली होती, आणि त्यांना आपल्या गटात कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले गेले तेही दिसे. आकडा दिसला की विषमता वाढली: पुढची गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आठ गटांत वर आलेली गाणी एकसारखी नव्हती. लोकांनी आकडा न बघता केलेल्या निवडीत मधोमध, २६ व्या जागी असलेले एक गाणे एका गटात पहिले आले आणि दुसऱ्यात चाळिसावे. फार वाईट गाणे सहसा पहिले येत नाही आणि फार चांगले सहसा तळाला जात नाही, एवढाच दिलासा त्या प्रयोगाने दिला. मधल्या पट्ट्यात सुरुवातीच्या काही श्रोत्यांनी काय केले त्यावर सगळे ठरले. तेच गाणे, तीच चाल, तोच आवाज. तेव्हा वर न आलेले गाणे चांगले नव्हते, हा निकाल देणाऱ्याने आठांपैकी कोणत्या गटाचा निकाल दिला, तेही सांगावे.

शिवाय यंत्राचा कल विकतही मिळतो. स्पॉटिफायने २०२० साली अशी योजना जाहीर केली की कमी दराचे मानधन मान्य केले, तर ते गाणे शिफारशींत अधिक वेळा येईल. याला निःपक्षपात म्हणायचे असेल तर बाजार समितीतल्या अडतीलाही समाजसेवा म्हणता येईल.

हा वाद नवा नाही. कोणते गाणे लोकांपर्यंत जावे हे वरच्यांनीच ठरवावे, ही समजूत जुनी आहे. तेव्हा वर माणसे होती, आता गणित आहे. १९४० साली नभोवाणीवरून हार्मोनियम हद्दपार झाली. तिच्यात मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे तेव्हाचे विद्वान बजावत होते आणि त्या तक्रारीत तथ्यही होते. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. मधली तीन दशके कृष्णाकाठच्या एकाही भजनी मंडळाने पेटी खाली ठेवली नाही. १९५२ नंतर नभोवाणीने सिनेसंगीताबाबत हात आखडता घेतला, तर श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती काढावी लागली. सिलोन कुठे लागते हे सांगायला तेव्हा कोणतेही यंत्र नव्हते. रेडिओची सुई कुठे थांबवायची ते शेजाऱ्याने दाखवले. त्या काळच्या पहारेकऱ्याशी निदान भांडता येत असे, त्याच्यावर अग्रलेख लिहिता येत असे. गणिताला पत्र पाठवायचा पत्ता नसतो.

एवढे खंडन झाल्यावर मंडनाला जागा कमी उरते, आणि मंडन आहेही थोडेच. ते असे की गाणे माणसाकडून माणसाकडे जाते, आणि पाठवणारा हा त्या व्यवहारातला हमाल नसून जामीन असतो. सातारा-सांगली पट्ट्यात हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी शतकाहून अधिक काळ त्याची कीर्ती एका गवयाने दुसऱ्याला सांगूनच पसरत होती. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा कोणत्या गावच्या जत्रेला न्यायचा, हे शेजारच्या गावात तो बघून आलेल्यांच्या बोलण्यावर ठरे. पुढे गाण्यांची चिठ्ठी देऊन कोरी कॅसेट भरून घेतली जाऊ लागली, त्यानंतर मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. त्या दुकानदाराला गिऱ्हाईक कोणत्या गावचे, त्याच्या जत्रेत डॉल्बी लागते की बेंजो, हे ठाऊक असे, आणि त्यावरून तो न मागितलेली दोन गाणीही टाकून देई. शिफारस याहून वेगळी नसते.

इंडी पॉपची स्वतःची कुळकथाही हीच आहे. १९८६ साली ब्रिटनच्या ‘एनएमई’ या साप्ताहिकाने २२ बँडची ‘सी८६’ ही कॅसेट टपालाने विकली आणि त्या धाटणीच्या संगीताला ओळख मिळाली. ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सने १९८७ ते १९९५ या काळात छोट्या तबकड्या काढल्या, त्या हाती काढलेली मासिके, पत्रे आणि एकमेकांना भरून दिलेल्या कॅसेटींच्या आधाराने खपल्या. तेव्हाही कोणी म्हणाले असेल की हे फार थोड्यांपर्यंत जाते. थोड्यांपर्यंतच गेले. पण ज्यांच्यापर्यंत गेले त्यांना ते कोणी दिले, हे माहीत होते.

पाठवणे ही चोरी आहे, हा आक्षेप फाइलला लागू पडतो, दुव्याला नाही. सगळेच पाठवू लागले तर कचरा वाढेल, हाही आक्षेप आहे. तो वाढलेलाच आहे. उलट यंत्रावरच विसंबण्याची किंमतही दिसली आहे. टिकटॉक २९ जून २०२० ला भारतात बंद झाले तेव्हा केवळ त्याच्यावर विसंबलेल्या गावोगावच्या पोरांचा श्रोता एका रात्रीत नाहीसा झाला. ज्यांची गाणी लोकांच्या फोनांतून आधीच फिरत होती, त्यांची फिरत राहिली.

फोनांतून असे गाणे फिरण्यातही एक खोट आहे, ती यंत्राच्या भक्तांनी दाखवायला हवी होती, पण दाखवली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे गाणे बहुधा कापलेला व्हिडिओ असतो. स्टेटसला ठेवलेल्या त्या तुकड्यात गायकाचे नाव नसते, गीतकाराचे तर नसतेच. रेडिओच्या फर्माइशीत पत्र पाठवणाऱ्याचे गावसुद्धा वाचले जाई. इथे गाणे करणाऱ्याचेही वाचले जात नाही. म्हणून सुचवणाऱ्याने आधी गाणे पुरते ऐकावे, ज्याला ते रुचेल असे वाटते त्यालाच पाठवावे, गाणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे आणि त्यांच्या गावाचे नाव लिहावे, आणि आपल्याला त्यात काय आवडले ते एका ओळीत सांगावे. पाठवायचा तो दुवा पाठवावा. दुव्यावरून ऐकलेले गाणे मानधनासाठी लागणाऱ्या त्या हजारात मोजले जाते. फाइलवरून ऐकलेले मोजले जात नाही.