धमकीला धार कोण देते?

‘अनोळखी माणसांशी बोला’ हे ब्रीद मिरवत २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले ‘ओमेगल’ नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद पडले. अकराव्या वर्षी तेथे एका नराधमाच्या तावडीत सापडलेल्या मुलीने मोठेपणी त्या कंपनीला न्यायालयात खेचले होते. दुकान बंद झाले, धंदा नव्हे. आता तोच नराधम ऑनलाइन खेळाच्या चॅटमध्ये समवयस्क मित्र म्हणून येतो. कौतुक करतो, गुपिते ऐकतो, मग खासगी छायाचित्र मागतो. ते हाती पडताच धमकी सुरू : ‘आईबाबांना पाठवीन!’

या धमकीला धार कोण देते? मोबाइल हिसकावून ‘घराण्याची अब्रू घालवलीस’ असे कडाडणारे आपणच! (संस्कारांचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनाही हे लागू आहे. राग आला तर येवो.) माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब मुलांना अशा लैंगिक जाळ्यात ओढणाऱ्यास पहिल्याच अपराधासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास सांगते. खटला त्याच्यावर चालवायचा. आपण तो घरातल्या लेकरावर चालवतो. मग ते लेकरू आपल्याकडे येईल कशाला?

मूल सांगू लागले, तर आधी ऐकून घ्या. पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका. ते पुराव्यासह घेऊन पोलीस ठाणे गाठा. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइनही आहे.