पाना कोणाचा, हात कोणाचा?

खंडेनवमीला आपल्या घरोघरी अवजारांची पूजा होते. पूर्वी ज्या पाटावर कोयता, विळा, कानस, हातोडी आणि वजनकाटा मांडला जाई, त्याच पाटाशेजारी आता अंगणातल्या मोटारसायकलीला झेंडूची माळ घातली जाते. गेल्या काही वर्षांत या पूजेत एक नवी वस्तू येऊन बसली आहे. प्लास्टिकच्या सुबक पेटीत खाचाखाचांतून बसवलेला, चकचकीत मुलामा दिलेला गोटीपान्यांचा संच. महाल असो, धरमपेठ असो की मनीषनगर, नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत दुचाकीची देखभाल घरीच करण्याची हौस वाढते आहे आणि त्यासाठी लागणारी हत्यारे स्वस्तात घरपोच येत आहेत. चाळीस-पन्नास नगांची ही पेटी बहुधा चीनमध्ये तयार झालेली असते. तिची किंमत पाहून ‘एवढ्यात तर इतवारीच्या लोहा ओळीत चार चांगले पाने येणार नाहीत’ असे म्हणत ती विकत घेतली जाते.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. काही शे रुपयांच्या पेटीवर अग्रलेख कशाला, असेही कोणी विचारील. परंतु स्वदेशीची परीक्षा व्याख्यानमालेत होत नाही. ती अशाच लहान खरेदीच्या वेळी होते, आणि तेथे आपण बहुतेक वेळा विचार न करता उत्तर देऊन मोकळे होतो.

प्रथम या हौसेचे स्वागत केले पाहिजे. आपल्या सुशिक्षित वर्गाने हाताने करावयाच्या कामाला दीर्घकाळ कमी लेखले. पदवी मिळाली की हाताला वंगण लागता कामा नये, असा अलिखित दंडकच होता. पोराने स्क्रू पिळायला घेतला तर ‘अभ्यास कर, मिस्त्री व्हायचंय का?’ हे वाक्य कितीतरी घरांतून ऐकू येत असे. त्याच घरांतील तरुण आज रविवारी सकाळी गाडी स्टँडवर घेऊन साखळी साफ करतो, तिला तेल देतो, क्लचच्या तारेतील ढिलाई काढतो, प्लगवरची काजळी पुसतो, एअर फिल्टर झटकतो, ही आनंदाची गोष्ट होय. २०२४-२५ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ कोटी ९६ लाख नव्या दुचाकी विकल्या गेल्या. एवढी वाहने वापरणाऱ्या समाजाला त्यांच्या अंतरंगाची जुजबी ओळखही नसावी, हे काही भूषणावह नव्हते.

प्रश्न पुढचा आहे. हात आपला असला तरी त्या हातातला पाना कसा आहे आणि कोणाचा आहे?

‘कसा आहे’ हे आधी पाहू, कारण स्वदेशीच्या नावाखाली गुणवत्तेचा प्रश्न टाळणे हा त्या विचारावरच अन्याय ठरेल. पान्याचे काम दिसायला सोपे, पण अत्यंत काटेकोर असते. त्याचा जबडा बोल्टच्या डोक्यावर घट्ट बसला पाहिजे आणि जोर लागल्यावर फाकता कामा नये. त्यासाठी पोलादाची प्रत, त्याला दिलेली उष्णता, त्यानंतरचे निववणे ही सारी प्रक्रिया शिस्तीने व्हावी लागते. अतिस्वस्त पेटीतल्या पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरे ठसठशीत कोरलेली असली, तरी अक्षरे कोरल्याने पोलाद कणखर होत नाही. असा पाना दोन-चार वेळा वापरला की फाकतो, बोल्टचे कोपरे खातो, आणि गोल झालेला बोल्ट काढण्यासाठी शेवटी मिस्त्रीकडेच जावे लागते. वाचवलेले पैसे तेथे दुपटीने जातात. स्वस्तातल्या गोटीला आतून बारा कोन असतात, ती चटकन बसते म्हणून आवडते. पण गंजलेल्या बोल्टसाठी सहा कोनांची गोटीच अधिक सुरक्षित, हे पेटीवर कोणी लिहीत नाही.

स्क्रूची गोष्टही तशीच. आपल्याकडच्या अनेक मोटारसायकलींची वंशावळ जपानी आहे आणि त्यांच्या इंजिनाच्या झाकणावरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी मानकानुसार घडवलेले असतात. नेहमीच्या फिलिप्स पद्धतीच्या पेचकसाची फुली दिसायला तीच, पण टोकाचा आकार वेगळा. तो खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावताच वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. दोष स्क्रूला दिला जातो. अपराध हत्याराचा असतो.

सर्वांत मोठा धोका अज्ञानातून दिलेल्या जोराचा. इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा. सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. वीतभर लांबीच्या पान्यावर दहा किलोचा भार दिला, तर तो पीळ २० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. ‘घट्ट केलं, आता हलणार नाही’ असे समाधान वाटते, आणि त्याच क्षणी आतले आटे गेलेले असतात. म्हणूनच पीळ मोजणारा टॉर्क पाना लागतो. पण मोजणारे हत्यारच खोटे बोलू लागले तर? कधी न तपासलेला स्वस्त टॉर्क पाना ‘टक’ असा आवाज करून खोटा विश्वास देतो, आणि मागच्या चाकाच्या आसाचा नट अर्धवट आवळलेला राहतो. व्हॉल्व्हची फट मोजणाऱ्या फिलर गेजचेही तेच. ती फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. मोजमाप चुकून ती फार कमी ठेवली गेली, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि हळूहळू जळतो. तेव्हा मोजणाऱ्या आणि जिवाशी संबंधित हत्यारांत काटकसर करू नये, हा पहिला नियम. तो परदेशी वस्तूला जसा लागू, तसाच देशी वस्तूलाही.

आता दुसरा प्रश्न : पाना कोणाचा? ही हत्यारे आपण बनवू शकत नाही काय? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पंजाबातील जालंधर आणि लुधियाना, राजस्थानातील नागौर ही गावे हातहत्यारांसाठी प्रसिद्ध आहेत. जालंधरचे पाने आणि पकडी अनेक वर्षे अमेरिका-युरोपच्या दुकानांत विकल्या जात आहेत. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या टपारिया टूल्सने १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले आणि त्यांची पक्कड आज गावोगावच्या वायरमनच्या खिशात असते. असे असताना आपल्या अंगणातली पेटी परदेशातून का यावी?

याचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत आहे. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध २००० आणि २००१ या लागोपाठच्या दोन वर्षांत उठले. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. दरवाजे सर्वांनाच उघडले होते. त्यातून आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तयारी मात्र चीनने अधिक केली होती. नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये हातहत्यारे आणि विद्युत हत्यारे या उद्योगांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील आकडे अंतर्मुख करणारे आहेत. हातहत्यारांच्या जागतिक निर्यातीत चीनचा वाटा १३ अब्ज डॉलर. भारताची निर्यात ६० कोटी डॉलर, वाटा १.८ टक्के. विद्युत हत्यारांत तर आपला वाटा ०.७ टक्के एवढाच. चीनच्या तुलनेत आपल्या कारखानदाराला १४ ते १७ टक्के अधिक खर्च सोसावा लागतो, असेही हा अहवाल सांगतो. महाग कच्चा माल, लहान आकाराचे कारखाने, वाहतूक आणि व्याजाचा बोजा ही त्याची कारणे. म्हणजे आपला लोहार अडाणी म्हणून हरलेला नाही. त्याच्या पाठीवरचे ओझे जास्त आहे.

येथे स्वदेशीचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे ठरते. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी आणि बहिष्कार ही दोन स्वतंत्र सूत्रे होती, हे आपण विसरतो. बहिष्कार म्हणजे न घेणे. स्वदेशी म्हणजे घडवणे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा जमवून उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तो या घडवण्याच्या वृत्तीतून. नागपूरपुरते बोलायचे, तर १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. तिची यंत्रे विलायतेतूनच आली होती. रिंग स्पिंडलचे नवे तंत्र विलायतेतील गिरणीवाले साशंकतेने पाहत असताना ते येथे वापरून पाहिले गेले. याच जमशेटजींनी १८८६ मध्ये मुंबईत घेतलेल्या गिरणीचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले. यंत्र परके होते, जिद्द आणि शिक्षण येथले होते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा त्या सायकली परदेशीच होत्या. त्या विकता विकता आणि दुरुस्त करता करता कारखानदारीची बीजे रुजली. पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बजाज उद्योगसमूहानेही आरंभी परदेशी स्कूटरी आणून विकल्या, मग परवान्यावर बनवल्या. त्याच कंपनीने २००१ मध्ये ‘पल्सर’ बाजारात आणली आणि आज तिच्या गाड्या अनेक देशांच्या रस्त्यांवर धावतात. या साऱ्यांनी परकी वस्तू हाताळली, पण ती शेवटची पायरी मानली नाही. आयात ही शिडी झाली तर ती राष्ट्राला वर नेते. आयात ही खाट झाली तर राष्ट्र तिच्यावर झोपून जाते.

आर्वीसारख्या विदर्भातल्या गावातून आलेल्या दत्तोपंत ठेंगडींनी कामगार चळवळीत भारतीय मजदूर संघ आणि अर्थकारणात स्वदेशी जागरण मंच उभा केला. विश्वकर्मा जयंती हा श्रमिकांचा राष्ट्रीय दिन मानणाऱ्या या परंपरेच्या दृष्टीने अवजार ही निव्वळ खरेदीची वस्तू नाही. ते घडवणारा आणि वापरणारा यांच्यातले नाते आहे. आपण घरी पाना धरला म्हणून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीशी असलेले नाते तोडण्याचे कारण नाही. साखळी, तारा, प्लग, हवा, तेल ही कामे आपली. इंजिन खोलणे आणि ब्रेकचे अवघड काम त्याचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. ज्याने चाळीस वर्षे कानाने ऐकून कार्बोरेटरचा स्क्रू जुळवला, त्या कारागिरापुढे आता संवेदक आणि संगणकीय स्कॅनर उभे आहेत. त्याला प्रशिक्षणाची गरज आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, त्यात लोहार आहे आणि हातोडी-अवजारे बनवणाराही आहे. दुचाकीचा मिस्त्री मात्र नाही. त्याचाही विचार शासनाने केला पाहिजे.

‘ट्यूनिंग’च्या नावाखाली चाललेल्या एका प्रकाराबद्दलही बोलले पाहिजे. गाडी सुरेल करणे वेगळे आणि सायलेन्सर बदलून वस्तीची झोप मोडणे वेगळे. मूळ रचनेत असा मनमानी फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने निषिद्ध आहे. पालकांनी पेटी घेऊन देताना हेही सांगावे.

मग वाचकांनी करावे काय? पन्नास नगांचा मोह सोडावा. घरच्या देखभालीला ८ ते १७ मिलिमीटरपर्यंतचे मोजके रिंग पाने, योग्य टोकाचे दोन पेचकस, एक पक्कड, एक प्लग पाना, टायरची हवा मोजणारे साधन आणि फिलर गेज एवढे पुरते. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात टायरमधील हवेकडे लक्ष देणे हे दहा अनावश्यक गोट्यांपेक्षा अधिक मोलाचे. ही सारी हत्यारे देशी बनावटीची मिळतात. ती एकेक करून दुकानात जाऊन हाताने पारखून घ्यावीत. थोडी महाग पडतील, पण नातवाच्या हाती जातील. स्कॅनरसारखे एखादे साधन देशी मिळत नसेल, तर आयात केलेले घेण्यात पाप नाही. मात्र मित्रमंडळींत, वस्तीत वा शाखेत मिळून एकच चांगले घ्यावे, आणि ते उघडून, समजून घेऊन वापरावे.

उद्योजकांकडूनही अपेक्षा आहे. परदेशी ग्राहकाच्या मानकाला उतरणारा पाना जो बनवतो, त्याने आपल्या दुचाकीस्वारासाठी पंधरा नगांची नेटकी, मराठी-हिंदी माहितीपत्रकासह पेटी का बनवू नये? बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहती, शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयटीआय एकत्र आल्यास हे काम नागपुरातही होऊ शकते. टॉर्क पाने नाममात्र शुल्कात तपासून देण्याची सोय आयटीआयमध्ये झाली, तर घरगुती कारागिरांवर मोठे उपकार होतील.

एम्प्रेस मिलचा भोंगा कायमचा थांबला आणि त्या जागेवर आज मॉल उभा आहे. जेथे सूत निघत होते, तेथे खरेदीच्या पिशव्या निघतात. एका शहराचा हा प्रवास साऱ्या देशाचा प्रवास ठरू द्यायचा की नाही, हे मोठ्या धोरणांवर जसे अवलंबून आहे, तसेच आपल्या लहान निवडींवरही. येत्या खंडेनवमीला पाटावर ठेवलेल्या पान्याला हळदकुंकू वाहताना त्याच्यावर कोरलेले गावाचे नाव वाचावे. ते नाव जालंधरचे, नागौरचे, नाशिकचे असेल आणि पुढेमागे नागपूरचेही असेल, तर त्या पूजेला खरा अर्थ येईल.