टेकडीवर झाड लावताना

जून उजाडला की पुण्याच्या टेकड्यांवर कुदळी-घमेली चढू लागतात. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी, रविवारी सकाळी कुठेही जा, कुणी ना कुणी खड्डे घेत असते. पुढे उन्हाळ्यात हीच माणसे पाण्याचे कॅन खांद्यावरून वर नेऊन रोपे जगवतात. जमीन बरीचशी वन खात्याची, पण तिची निगा मोठ्या प्रमाणात नागरिकच राखतात. या कष्टांविषयी आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न आहे तो खड्डा कुठे घ्यायचा याचा.

या टेकड्या मुळात दाट जंगलाच्या नव्हेत. बेसॉल्टवर मातीचा पातळ थर, वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच. अशा जागी गवत आणि मधूनमधून सालई, मोई, मेडशिंगी, गणेर अशी काटक झाडे, हेच इथले रूप. पहिल्या सरींनंतर कुलीची पांढरी फुले वर येतात, मग गवतात शोधली तर कंदीलपुष्पे सापडतात, पुढे तेरडा फुलतो. पाऊस सरला की पवन्या आणि कुसळी पिवळी पडतात आणि चालणाऱ्याच्या मोज्यांत कुसळे शिरतात. (टेकडीवर नियमित जाणाऱ्यांचा शरद ऋतू तिथूनच सुरू होतो.) टिटवी, डोंबारी, चंडोल, लावा, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी-चंडोलांना तर आजूबाजूचे मोकळे दिसायला हवे. झाडी गच्च झाली की ते निघून जातात, आणि त्यांची नोंद कोणत्याही वृक्षगणनेत होत नाही.

याचा धडा गिरिपुष्पाने आधीच दिला आहे. मध्य अमेरिकेतले हे झाड टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावले गेले, कारण ते फांदी खोचली तरी जगते, पाण्याची फारशी अपेक्षा ठेवत नाही आणि गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. टेकड्या झपाट्याने हिरव्या झाल्या, पण त्याच्या दाट लागवडीखाली गवत मागे हटले.

मग लागवड थांबवावी का? दुसरी बाजूही वजनदार आहे. आपल्याकडे उघड्या माळाला पडीक म्हणायची सवय सरकारी नकाशांपासून वस्त्यांपर्यंत मुरलेली आहे, आणि पडीक दिसणाऱ्या जागेवर आधी राडारोडा पडतो, मग पत्रे उभे राहतात. 1997 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर 978 हेक्टरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. तेवढी जागा कागदावरच्या आरक्षणाने राखली जात नाही, रोज वर येणारी माणसे ती राखतात. 2023 च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्ते-बोगद्यांविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने चालत निघाले. वर्षानुवर्षांच्या राबत्याशिवाय असा मोर्चा निघत नाही. शिवाय झाडीलाही तिचे रहिवासी आहेत. मे अखेरीस नवरंग येतो तो सावलीतल्या पालापाचोळ्यात किडे शोधायला, आणि हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक झाडीच्याच आश्रयाला दिसतो.

तरीही आमचे मत असे, की मोकळ्या गवताळ पठारावर आणि उतारांवर यापुढे एकही खड्डा घेऊ नये. लागवड करायचीच तर ओघळीच्या कडेला, जुन्या खाणींभोवती आणि जिथे गिरिपुष्प आहे तिथे करावी. तेही सरसकट तोडू नये. टप्प्याटप्प्याने विरळ करावे आणि त्या जागी इथलीच झाडे वाढवावीत, नाहीतर आहे ती सावली आणि तिच्यातले पक्षी एकदमच जातील. हातांना काम कमी पडणार नाही. वणव्याचे दिवस येण्याआधी जाळरेषा काढणे, घाणेरी उपटणे, बी पडून जाईपर्यंत गवत कापू न देणे, ही कामे झाड लावण्याइतकीच कष्टाची आहेत. त्यांचा फोटो तेवढा चांगला येत नाही, हे मान्य.

वन खात्याने कोणत्या टेकडीचा कोणता भाग गवताळ ठेवायचा याचे नकाशे पावसाळ्याआधी जाहीर करावेत, आणि रोपांसाठी पैसे देणाऱ्या कंपन्यांनी रोपांचा आकडा मागण्याआधी ते पाहावेत. मंडळांनीही पुढच्या जूनचे खड्डे ठरवण्यापूर्वी याच ऑगस्टमध्ये त्या जागी जाऊन काय उगवले आहे ते नोंदवून ठेवावे.