पॉलिश नावाचे संकट

माझा पॉलिशला विरोध आहे. बुटाच्या पॉलिशला नाही. ते मी फक्त लग्नकार्याला करतो. मी बोलतोय लाकडाच्या पॉलिशविषयी.

डहाणूला आमची चिकूची वाडी आहे. वाडी आली की रानडुकरं आली, म्हणून बाबांनी परवान्याची बंदूक घेतली. तिनं एकही डुक्कर मारल्याचा पुरावा नाही. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्याचा पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कागदपत्रांसाठी तिनं बाबांना जेवढं पळवलं, तेवढं डुकरांना कधीच पळवलं नसेल.

पण तिचा अक्रोडाचा दस्ता! बाबा गाल टेकायचे ती जागा काळसर, गुळगुळीत, किंचित खोलगट झालेली. तळव्याची जागा तशीच.

बाबा गेले, परवाना माझ्या नावावर झाला आणि दिवाळीला मेहुणा आला.

"भावजी, काय ही अवकळा! आपला फर्निचरवाला आहे, आरसा करून देईल."

मी "बघू" म्हणालो. मेहुण्याला "बघू" म्हणजे होकार, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं. लोखंड कपाटात कुलूपबंद राहिलं आणि दस्ता अंगणात आला. कारागिरानं त्यावर घासायचं मशीन फिरवलं. मुठीवरची चौकड्यांची नक्षी गेली. (ती शोभेची नव्हती हो, घामेजला हात घसरू नये म्हणून होती!) टाचेची पोलादी पट्टी लाकडाबाहेर डोकावू लागली. वर काचेसारखं व्हार्निश. पहिल्याच पावसाळ्यात त्या काचेखाली पांढरे डाग उठले.

अहो, जुन्या दस्त्याला घासायचं नसतंच! खड्डा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवा; वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मग डबल बॉइल्ड अळशीचं तेल. चार थेंब तळव्यानं चोळा, उरलेलं पुसा. रोज एकदा आठवडाभर, आठवड्यातून एकदा महिनाभर, मग महिन्यातून एकदा वर्षभर. तेल लाकडात मुरतं, व्हार्निश वर बसून राहतं. फक्त तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. ती आपोआप तापून पेटतात. आमचा मेहुणाही तसाच आहे, पण ते असो.

तळासरीहून वाडीत येणारे एक वृद्ध वारली काका आहेत. त्यांना बंदूक आवडायचं काही कारण नाही. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोदावरी परुळेकरांच्या रक्षणासाठी जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या; जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. काकांनी ते वडिलांकडून ऐकलेलं. आमच्या बंदुकीला त्यांनी कधी हात लावला नाही. पण तो चकचकीत दस्ता त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "बाबांचा गाल कुठं गेला?"

मेहुण्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "भावजी, अजून एक हात मारला की छान दिसेल."

आता मी रोज तेल चोळतो. खोलगटपणा काही परत येत नाही. परवा मेहुणा आमच्या सागवानी झोपाळ्याच्या फळीकडे बघत होता. तेव्हापासून मी तिच्यावरच बसून आहे.