हळदीचा लढा अर्धाच

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ साली हळदीवरील अमेरिकी पेटंट रद्द करविले आणि स्वाभिमानाला उधाण आले. परंतु २००२ साली हळदीतील कर्क्युमिनमुळे उंदरांमधील मल्टिपल स्क्लेरोसिससदृश व्याधीची तीव्रता घटते, हे दाखविणारे संशोधनही अमेरिकेतच झाले! या व्याधीत मेंदूतील मज्जातंतूंचे आवरण झडते. उंदरांत गुण आला म्हणून रुग्ण बरा होत नाही, हे खरे. नुसत्या जयघोषाने तर मुळीच नाही. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. ते वर्धा जिल्ह्यातील गाव नागपूरच्या उंबऱ्यावरच आहे. नागपुरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे. ही मंडळी एका प्रयोगशाळेत कधी बसणार?